तिसरा झेंडा

वैरागड्यांना कुठल्याही गोष्टीचं साल विचारलं तर ते आकडा सांगत नसत, झेंडा सांगत. घर कधी घेतलं? "पहिल्या झेंड्याच्या आदल्या वर्षी." पित्ताशय कधी काढलं? "दुसऱ्या झेंड्यानंतर, बर्फ पडायच्या आत." बायको कधी गेली? "पाचव्या झेंड्याला चार वर्षं होऊन गेली होती, बाप्पा."

माणूस मूळचा नागपूरचा. तरुणपणी इंजिनियर म्हणून अमेरिकेत आला आणि एका कारखान्याचे बॉयलर सांभाळून रिटायर झाला. पण आयुष्य मोजलं ते आमच्या जवळच्या मोठ्या शहरातल्या बास्केटबॉलच्या टीमवर. ही टीम ज्या वर्षी साऱ्या देशात पहिली आली, त्या त्या वर्षाचा एक भलामोठा झेंडा तिच्या स्टेडियमच्या छताला टांगलेला आहे. असे पाच झेंडे. वैरागड्यांच्या राखाडी स्वेटशर्टावर छातीशी तेच पाच झेंडे ओळीनं छापलेले होते. तो स्वेटशर्ट ते दर शुक्रवारी घालत.

त्यांची माझी पहिली भेट भांडणानं झाली. नवरा गेल्यावर माझा मुलगा सतीश मला इकडे घेऊन आला. तो आणि सून दिवसभर ऑफिसात, नातवंडं शाळेत. मी घरात एकटी काय करणार म्हणून त्यांनी मला म्हाताऱ्यांच्या डे केअरमध्ये घातलं. सकाळी व्हॅन येते, आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना गोळा करते, दुपारी खिचडी-कढी खायला घालते आणि चार वाजता परत घरी सोडते. पहिल्या दिवशी मी व्हॅनमध्ये चढले आणि पुढच्या खिडकीशी बसले. पुढच्या थांब्यावर हे चढले.

"ही माझी जागा आहे."

"नाव लिहिलंय का?"

"लिहिलंय," ते म्हणाले आणि सीटच्या पाठीवर बोट ठेवलं. खरंच तिथं पेननं 'वै' लिहिलेलं होतं.

मी उठले नाही. ते मागं बसले आणि सेंटर येईपर्यंत ड्रायव्हरला कुठून वळायचं ते सांगत राहिले. मला हा माणूस आवडला नाही. जेवताना भुरके मारायचे, कॅरममध्ये हरले की सोंगट्यांना दोष द्यायचे, आणि दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत मान हलवायचे.

पण शुक्रवारी जेवणानंतर हा माणूस निराळा व्हायचा. खुर्ची मधोमध ओढून बसायचा आणि टीम कशी जिंकली ते सांगायचा. एका शुक्रवारी एक झेंडा. मराठीत सुरू करायचे, मधे गुजराती बायकांसाठी हिंदीत वळायचे, पुन्हा मराठीत यायचे. आमच्यातल्या बहुतेकांनी बास्केटबॉल जन्मात पाहिलेला नव्हता. मीही नाही. त्यांनी आधी सगळं समजावून दिलं. दोन्हीकडं पाच-पाच माणसं, दोन टोकांना दोन रिंगा. शेवटच्या फेरीत सात सामने ठेवलेले असतात, चार आधी जिंकेल त्याचा झेंडा.

"घड्याळात नऊ सेकंद बाप्पा, आणि आपण एकानं मागं! चेंडू कोणाच्या हातात? ज्याचा गुडघा सकाळपासून सुजून राहिला होता त्याच्या हातात. आता तो काय करणार?"

"पछी?" सविताबेन विचारायच्या. मग काय झालं, म्हणून. या सविताबेन नव्वदीच्या, आणंदच्या. त्यांनी आयुष्यभर भागवत ऐकलेलं. पहिला झेंडा संपला तेव्हा त्यांनी सवयीनं हात जोडले, पिशवीतून बेदाण्यांची डबी काढली आणि सगळ्यांच्या तळहातावर दोन-दोन बेदाणे ठेवले. वैरागड्यांच्याही. ते जरा गोंधळले, मग उजव्या हाताखाली डावा धरून त्यांनी प्रसाद घेतला. तेव्हापासून झेंडा संपला की बेदाणे ठरलेले.

सांगण्यात त्यांची एक खोड होती. जिंकवून देणाऱ्या मोठ्या खेळाडूंवर ते फार वेळ घालवत नसत. "स्कोअर कोणीही वाचतो. बेंचवर कोण बसलं आहे ते पाहा," असं म्हणायचे. प्रत्येक झेंड्यात एक असा गडी यायचा, ज्याला शेवटच्या सामन्यात एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. तो टॉवेल घेऊन कसा उभा होता, पाणी कोणाला देत होता, ओरडून त्याचा घसा कसा बसला होता, हे सगळं वैरागडे सांगायचे. "अंगठी त्यालाही मिळते. कायले? तर तो हजर होता. हजर असणं हेपण कामच आहे." जिंकलेल्या टीममधल्या प्रत्येकाला तिथं अंगठी देतात म्हणे.

पहिला झेंडा झाला, दुसरा झाला, आणि पुढच्या वेळी एकदम चौथा सुरू झाला. मधल्या एका शुक्रवारी मी ताप येऊन घरी होते. मला वाटलं, तिसरा तेव्हा होऊन गेला असेल. पाचवा संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं, कारण अर्ध्या लोकांच्या लक्षात काही राहिलेलंच नसतं. या फेरीला मी एकही शुक्रवार चुकवला नाही. दुसऱ्यानंतर परत चौथा.

मी व्हॅनमध्येच विचारलं, "अहो वैरागडे, तिसरा कुठं गेला?"

"कोणता तिसरा?"

"छातीवर पाच आहेत. सांगता चारच."

"तुम्हाला बास्केटबॉलमधलं काय समजतं, शेवंताबाई?"

"बास्केटबॉल नाही समजत. पाचापर्यंत मोजता येतं."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. पुढचे दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. कॅरमला बसले तर माझ्या समोरून उठून जायचे. मीही सोडून दिलं. माझं काही अडलेलं नव्हतं.

जानेवारीत ते पडले. ड्राइव्हवेवर बर्फ साचला होता. तो काढायला माणूस यायचा, तरी यांनी स्वतः फावडं घेतलं. पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग काही आठवडे व्यायाम शिकवणाऱ्या ठिकाणी ठेवलं होतं. घरी आल्याचं कळलं तेव्हा मी सतीशला म्हटलं, मला तिकडे सोड. बरोबर ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी घेतली होती. तेव्हा ते खालच्या खोलीत पलंगावर होते, वॉकर शेजारी. दाढी वाढलेली. भाकरी आधी खाल्ली, मग बोलले.

"मंजू नेऊन राहिली मला. बॉथेलला. घर विकायला काढलं."

मंजू म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. ती पश्चिमेला, सिॲटलजवळच्या बॉथेल गावात असते. औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दर रविवारी फोन करायची आणि गोळ्या घेतल्या का, डॉक्टर काय म्हणाले, एवढं विचारून ठेवून द्यायची, हे मला आधीच माहीत होतं.

"मग चांगलं आहे की. एकटे राहून दुसरा खुबा मोडणार का?"

"माझ्याच्यानं होत नाही तिच्या घरी राहणं."

"जावई वाकडा आहे का?"

"जावई सोन्यासारखा आहे." मी ताट उचलायला लागले तसे म्हणाले, "तो बघा. दाराच्या मागं."

दारामागं प्लॅस्टिकच्या पिशवीत एक करडा सूट लटकत होता. आणि त्या सुटाकडं बघत त्यांनी मला तिसरा झेंडा सांगितला. शुक्रवारसारखा नाही. तुकड्यातुकड्यांनी.

त्या वर्षी मंजूची शाळा संपली होती. इथं त्याचा मोठा सोहळा करतात, त्याला ग्रॅज्युएशन म्हणतात. पोरं काळे झगे घालून एकेक करून स्टेजवर जातात, आईबाप खाली बसून टाळ्या वाजवतात. शाळेनं मंजूला भाषण करायला निवडलं होतं. घरात महिनाभर तेच. आणि त्याच संध्याकाळी टीमचा सातवा सामना होता, शहरातच. तिकीट इतकं महाग, की यांनी कधी स्टेडियमची पायरी चढलेली नव्हती. हे सूट घालून तयार. बायको आणि मुलगी आधीच शाळेत गेलेल्या. तेवढ्यात कारखान्यातल्या साहेबाचा फोन आला. माझ्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे, येतोस का?

यांनी शाळेत निरोप ठेवला, की बॉयलर बंद पडला आहे, कारखान्यात बोलावलं आहे. आणि गेले. सूट-टाय घालूनच.

"पकडले गेलात का?"

"मीच पकडून दिलं न स्वतःला!" महिन्याभरानं दुकानात त्या झेंड्याची व्हिडिओ टेप आली. सगळे सामने, सगळा जल्लोष. हेच विकत घेऊन आले. बायकोला आणि मुलीला सोफ्यावर बसवलं आणि लावली. शेवटी सगळं स्टेडियम नाचत असतं. हजारो लोक टीमच्या शर्टात, आणि मधोमध सूट-टाय घातलेला एक सावळा माणूस खुर्चीवर चढून दोन्ही हात वर करून उड्या मारतो आहे. दोन सेकंद. तेवढंच.

"मंजू काय म्हणाली?"

"काही नाही. उठून वर गेली. सप्टेंबरात कॉलेजला गेली, लांबचं कॉलेज घेतलं. त्यावर कधी ती बोलली नाही, मी बोललो नाही. मंजूची आई, शैला, तीही मरेपर्यंत बोलली नाही. ती टेपपण मग घरात दिसली नाही, शैलानंच फेकली असेल." त्यांनी पाणी प्यायलं. "आता रोज सकाळी तिच्यासमोर चहाला बसायचं. त्या दोन सेकंदांसकट कसा बसू?"

मी म्हटलं, "सेंटरात तीस म्हाताऱ्यांसमोर तोंड चालतं. एका मुलीसमोर चालत नाही?"

"तिथं झेंड्यांवर चालतं, म्हणूनच तर तिच्यासमोर चालत नाही," ते म्हणाले.

मी ताट घेतलं आणि आले.

मार्चमध्ये मुलगी त्यांना न्यायला आली. जायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. सेंटरवाल्यांनी त्यांना निरोप द्यायला केक आणला होता. मंजू त्यांना गाडीतून घेऊन आली. पन्नाशीला आलेली बाई, केस बारीक कापलेले, हातात गाडीची किल्ली. त्यांना दारात सोडून ती बाहेर गाडीत बसून कामाचे फोन करणार होती. मी दारातच होते.

"तू वैरागड्यांची मुलगी ना? आत ये."

"काकू, मला एक कॉल आहे."

"कॉल कॅन्सल कर. आज तुझे वडील शेवटचं सांगणार आहेत."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग आत येऊन भिंतीशी उभी राहिली. वैरागडे वॉकर बाजूला ठेवून मधल्या खुर्चीत बसले. अंगात तो स्वेटशर्ट. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, आज पाचवा झेंडा.

मी उठून म्हटलं, "पाचवा दोनदा झाला. आज तिसरा."

बरं केलं की वाईट, याचा मी विचार केला नव्हता. मला तिसरा ऐकायचा होता, आणि ते उद्या जाणार होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता वॉकर फेकून मारतात. मग भिंतीकडं बघितलं. मुलगी हातातली किल्ली फिरवत उभी होती.

"तिसरा," ते म्हणाले. "जून महिना. तीन सामने आपले, तीन त्यांचे."

सुरुवात हिंदीत केली, पण लगेच मराठीत आले आणि मग हिंदीत गेलेच नाहीत. सामन्याचं फार सांगितलंच नाही. साहेबाचा फोन सांगितला. शाळेच्या ऑफिसात ठेवलेला निरोप सांगितला, खोट्या शब्दांसकट. "मी आरशासमोर उभा राहून टाय बांधत होतो, बाप्पा. निळा टाय. मुलीनंच फादर्स डेला दिलेला. तो गळ्यात घालून मी निघालो, आणि गाडी शाळेकडं वळवायची ती शहराकडं वळवली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. चाळीस मैल होते. परत फिरायला चाळीस मैल होते." मग म्हणाले, "दर शुक्रवारी मी बेंचवरच्या माणसाचं सांगतो. त्या दिवशी मी बेंचवरपण नव्हतो. तिथं शाळेत माझी खुर्ची रिकामी होती."

"रिकामी नव्हती," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"आईनं त्यावर पर्स ठेवली होती," मंजू म्हणाली. "हॉल फुल होता. लोक येऊन विचारत होते, इज दिस सीट टेकन? आई प्रत्येकाला येस म्हणत होती. मी स्टेजवरून बघत होते. माझं भाषण संपेपर्यंत ती येस म्हणत होती."

वैरागड्यांचे हात गुडघ्यांवर होते, ते तसेच राहिले.

"आणि टाय निळा नव्हता, बाबा. मरून होता. निळा मी पुढच्या वर्षी दिला."

"निळाच होता."

"मरून. टेपमध्ये दिसतो."

"टेप?" ते म्हणाले. "ती तर शैलानं फेकली."

"माझ्याकडे आहे. कॉलेजला जाताना मी नेली."

"तू पाहिली पुन्हा?"

तिनं किल्ली खिशात टाकली.

"पछी?" सविताबेननी विचारलं. त्यांना मराठी निम्मंच कळलेलं.

"पछी काही नाही," वैरागडे म्हणाले. "आपण जिंकलो. चार गुणांनी."

"सहा," मंजू म्हणाली.

सविताबेननी डबी काढली. एकेकाला बेदाणे देत त्या भिंतीपर्यंत गेल्या. मुलीनं त्यांच्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि हात पुढं केला.

तिनं त्यांना माफ केलं का, हे मला माहीत नाही. ती बोलली नाही, आणि विचारण्याएवढी माझी ओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी सामान बांधायला मी गेले होते, तेव्हा दोघं बॉक्सवरून भांडत होते. ते म्हणत होते, तो जुना सूट कुणाला तरी देऊन टाक, अंगात शिरत नाही. ती म्हणत होती, जागा आहे, असू दे. सूट बॉक्समध्ये गेला.

जाताना गाडीत बसून त्यांनी काच खाली केली. "शेवंताबाई, तिथं बास्केटबॉलची टीमच नाही हो. होती ती केव्हाच उठून दुसऱ्या गावी गेली."

"मग आता साल कशात सांगणार?"

"पाहू," म्हणाले. "व्हॅनमधली माझी जागा घ्या."

"ती माझीच आहे," मी म्हटलं.

पुढचं दीड वर्ष ते शुक्रवारी तिकडून फोन लावायचे. सेंटरातली मुलगी तो मोठ्या पडद्यावर जोडून द्यायची. झेंडे पाचही सांगायचे, ओळीनं. तिसऱ्याच्या शुक्रवारी मंजू घरून काम करत असली तर पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज यायचा, "सहा, बाबा." ते दर वेळी चारच म्हणायचे. मला वाटतं, मुद्दाम म्हणायचे.

मग एका बुधवारी मंजूचा मला फोन आला. "काकू, बाबा गेले. झोपेत."

"त्रास झाला का?"

"नाही."

मी म्हटलं, बरं झालं. वय झालं होतं आणि अंथरुणाला खिळले नाहीत, यापेक्षा माणसाला काय हवं असतं? तीही हो म्हणाली. इथं माणूस गेल्यावर त्याला चांगले कपडे घालून ठेवतात, लोक शेवटचं बघून जातात. कपडे घरच्यांनी द्यायचे असतात. तिनं तो करडा सूट दिला होता. पोट सुटलेलं, त्यामुळं त्या लोकांनी कोट पाठीमागून कापून घातला, पुढून काही कळत नव्हतं, असं तिनं सांगितलं.

टाय कोणता घातला, हे मी विचारलं नाही.